स्नायुपेशी आणि वनस्पतिज पॉलिफिनॉले
पॉलिफिनॉलांचा स्नायुपेशींच्या वाढीवरील परिणाम बहुधा सी२सी१२ पेशींवर अभ्यासतात. याफे व सॅक्सेल यांनी १९७७ साली उंदराच्या स्नायूपासून मिळविलेल्या पेशींचा हा उपवंश. संवर्धन-माध्यमातील सीरम घटविले, की या पेशी विभाजन थांबवून परस्परांत विलीन होतात व बहुकेंद्रकी स्नायुनलिका बनतात. कांद्यातील क्वेर्सेटिन या क्रमात काय पालट घडविते हे पाहताना एक गोष्ट सहज निसटते. माध्यमातच त्याचे ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते. मग दिसलेला परिणाम नेमका कोणाचा? शिवाय आहारातील क्वेर्सेटिन रक्तात प्रायः ग्लुक्युरोनाइड व सल्फेट या रूपांत, तेही अत्यल्प, आढळते. तबकडीत मात्र आपण शुद्ध द्रव्याचे दहा-वीस मायक्रोमोलर सहज ओततो. कॅटॅलेज घातलेली व न घातलेली संवर्धने शेजारी ठेवल्यावाचून काढलेला निष्कर्ष आम्ही तरी ग्राह्य मानणार नाही.