डुकरिणीची पिले आणि थंडी

डुक्कर म्हटले की काही जण नाक मुरडतात. मुरडू द्या. ज्याच्या घरी डुकरीण एका वेताला आठ-दहा पिले देते, त्याला त्यांची किंमत ठाऊक असते. त्यातली चार पहिल्याच रात्री गेली, तर मुलांच्या फीचे पैसे गेले म्हणून समजा.

डुकरीण साधारण ११४ दिवसांनी विते. म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. तारीख लिहून ठेवा. वेत पौषाच्या थंडीत येणार का, हे आधीच कळते.

पिलू आईच्या पोटात ३९ अंशांच्या उबेत असते. बाहेर येते ते ओलेचिंब. केस विरळ, कातडीखाली चरबी जवळजवळ नाहीच. गाय वासराला चाटून कोरडे करते. डुकरीण चाटत नाही. मग हे काम कोणाचे? आपले. कोरड्या फडक्याने आधी नाक-तोंड पुसा, मग अंग. लगेच पिलू आचळाला लावा. पहिल्या सहा तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. चिकाने ऊब येते, रोगाशी झगडायचे बळ येते. गारठलेले पिलू चोखत नाही, आणि न चोखल्याने ते आणखी गारठते.

पुष्कळदा पिलू आईखाली चेंगरून मेलेले दिसते. मालक डुकरिणीला बोल लावतो. खरे कारण पुष्कळ वेळा थंडी असते! गारठलेले पिलू उबेसाठी आईला चिकटते, आणि ती बसू लागली की त्याला चटकन सरकता येत नाही. म्हणून भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच असा मजबूत दांडा बसवावा. त्याच्या आड पिलू वाचते.

मग सगळी खोलीच तापवायची का? नको. पिलाला पहिले काही दिवस ३२ ते ३५ अंश ऊब लागते. तेवढ्यात आई धापा टाकेल, खाणे सोडील, दूध आटेल. त्यापेक्षा कोपऱ्यात पिलांची वेगळी जागा करा. खाली फळी, वर भाताचा कोरडा पेंढा, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट. वर १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब टांगा. एलईडीचा उजेड पडतो, पण ऊब मिळत नाही. बल्ब साखळीने पक्का बांधा. पेंढ्यावर पडला तर आग लागेल. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर मुळीच नको. तिच्या विषारी वायूने पिलेही मरतील आणि राखण करणारा माणूसही.

वीज गेली, तर बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून पिलांजवळ ठेवा.

दिवा किती उंच हवा? ते पिलेच सांगतात. एकमेकांवर ढीग करून कुडकुडत असली, तर दिवा खाली घ्या. दूर पांगली, तर वर करा. शेजारी-शेजारी पाय पसरून झोपली, तर तुम्हीही थोडे आडवे व्हा.