फोटोवर नाव कुणाचं?

कांदिवलीच्या चारकोपमध्ये आम्हा बायकांचा मोबाइलवर एक छंदगट आहे. कुणी रांगोळीचा फोटो टाकते, कुणी खारफुटीतल्या बगळ्यांचा, तर कुणी मुलाच्या जुन्या वहीत काढलेलं चित्र. कौतुकही अगदी भरभरून होतं.

परवा एका वहिनींचा पावसाळी आभाळाचा फोटो आला. फारच सुरेख! पण नाव दिसत होतं यजमानांचं. सगळ्याजणी लिहू लागल्या, "भाऊजींना सांगा, झकास!" वहिनी गप्पच. मी विचारलं तर म्हणाल्या, "अहो, मोबाइल त्यांचाच ना! माझं नाव कशाला हवंय?"

मला होमाई व्यारावाला आठवल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचेही सुरुवातीचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापून आले होते. पुढे स्वातंत्र्याचे सोहळे आणि १९४८ मधली गांधीजींची अंत्ययात्रा त्यांनी टिपली. २०११ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांना पद्मविभूषण मिळालं, ते मात्र स्वतःच्या नावाने!

आणि बरं का, १९५७ चा कॉपीराइट कायदाही फोटो काढणाऱ्या व्यक्तीलाच त्याची कर्ती मानतो. कॅमेरा कुणाचा, हा प्रश्नच नाही.

हे सगळं वहिनींना सांगितलं. त्या नुसत्या हसल्या. काल त्यांचा नवा फोटो आला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत का होईना, नाव त्यांचं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या रांगोळीखाली कुणाचं नाव असतं?