विश्लेषण : घरी नवी केलेली जुनी जीप आरटीओत का अडकते?

जुनी महिंद्र जीप किंवा मारुती जिप्सी विकत घ्यायची, अंगणात ताडपत्री बांधून सुटीच्या दिवशी तिचे नट-बोल्ट सोडवायचे आणि वर्ष-दीड वर्षाने चकचकीत गाडी रस्त्यावर काढायची, हा छंद खर्चिक असला तरी अनेकांना सुटत नाही. मात्र लाखो रुपये ओतून तयार झालेली गाडी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नेल्यावर तिथेच थांबते, असे अनेकदा घडते. इंजिन ठणठणीत असते. अडचण असते ती गाडी आणि आरसी बुक एकमेकांशी जुळत नसल्याची.

हे काम घरी कसे काय जमते?

महिंद्रने १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली, तर जिप्सी १९८५ मध्ये आली. दोन्हींची मूळ रचना शिडीसारख्या लोखंडी चेसिसची असून बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. आजच्या बहुतेक मोटारींत बॉडी आणि सांगाडा एकच असतो. जीपची बॉडी मात्र चार माणसे लावून उचलता येते आणि खालची चेसिस, पाटे, एक्सल, ब्रेकच्या नळ्या उघड्या पडतात. इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच. म्हणून पान्यांचा संच, जॅक आणि वेल्डिंग जाणणारा मिस्त्री एवढ्यावर बरेच काम होते.

धोकेही आहेत. सीजे-३बीसारख्या जुन्या जीपमध्ये इंधनाची टाकी चालकाच्या आसनाखाली असते आणि पत्रा सडतो तोही नेमका त्याच भागात, पायाखाली. टाकी उतरवून दूर नेल्याशिवाय आणि बॅटरी सोडवल्याशिवाय तिथे वेल्डिंग करणे म्हणजे आगीला आमंत्रण. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

खरेदीआधी काय तपासावे?

कागद, आणि तेही रंग किंवा टायर पाहण्याच्या आधी. आरसीवर पेट्रोल लिहिलेले आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन, ही जुन्या जीपमधली नेहमीची गोष्ट आहे. पेट्रोल परवडेना म्हणून त्या काळी अनेकांनी इंजिने बदलली. काहींनी तशी नोंद करून घेतली, काहींनी नाही. मूळची टू-व्हील ड्राइव्ह असलेली गाडी भंगारातला पुढचा एक्सल लावून ‘फोर बाय फोर’ म्हणून विकली जाते, ते वेगळेच.

दुसरी गोष्ट चेसिस क्रमांकाची. तो चेसिसच्या लोखंडावरच ठोकलेला असतो. गंज काढताना ग्राइंडर फिरला किंवा सडक्या भागावर पट्टी वेल्ड केली, की तो कायमचा जातो. मग हीच ती गाडी, हे सिद्ध करणे मालकासाठी फार कठीण होते. काम सुरू करण्यापूर्वी क्रमांकाचा पेन्सिलने छाप घ्यावा, छायाचित्र काढावे आणि तो भाग हाताने, तारेच्या ब्रशनेच साफ करावा. गावातल्या वेल्डरला ही एक सूचना आधी दिली तरी पुढचा मोठा मनस्ताप टळतो.

दुरुस्ती कुठवर आणि बदल कुठून?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. सडलेला पत्रा बदलून तसाच बसवणे, पाटे, बेअरिंग, ऑइल सील, वायरिंग नवे करणे ही दुरुस्ती झाली. चेसिस लांब करणे, बॉडीचा प्रकार बदलणे किंवा दुसऱ्या गाडीचे इंजिन घालणे हा बदल. इंजिन त्याच प्रकारचे असले तरी आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नव्या क्रमांकाची नोंद लागते. बेकायदा फेरफारासाठी कलम १८२ अ नुसार प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावर विमा कंपनी बोट ठेवते.

रंगाचीही एक गंमत आहे. जुनी जीप म्हटली की अनेकांना लष्करी हिरवा रंगच हवा असतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार ‘ऑलिव्ह ग्रीन’ हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. लष्कराच्या लिलावातून आलेली गाडी खासगी झाली, की तिचा रंगही बदलावा लागतो.

मोठे टायर लावले तर बिघडते काय?

जुन्या जीपला साधारण २८ इंच व्यासाचे टायर असतात असे धरले आणि तिथे ३१ इंची चढवले, तर काटा ५४ दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ६० च्या आसपास असतो. चाक जड झाल्याने चारही ड्रम ब्रेकवर ताण येतो आणि गाडी उशिरा थांबते. उंची वाढवण्यासाठी लांब शॅकल लावले की पुढच्या एक्सलचा कोन बिघडतो. मग एखाद्या खड्ड्यानंतर स्टीअरिंग दोन्ही हातांत मावेनासे थरथरते. त्यात किंगपिनचे बेअरिंग झिजलेले असेल तर विचारायलाच नको.

फोर बाय फोरचा लिव्हर डांबरी रस्त्यावर ओढून पाहणे हीसुद्धा चूकच. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून हा फरक भरून काढतात, पण कोरड्या रस्त्यावर सगळा ताण ट्रान्सफर केस आणि क्राउन-पिनियनवर येतो. त्यामुळे चाचणी शेतात किंवा कच्च्या रस्त्यावरच घ्यावी.

पासिंगचा खर्च किती? ‘व्हिंटेज’ नोंदणीने सुटका होते का?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारींसाठी हे शुल्क दहा हजार रुपये आहे. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर द्यावा लागतो.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय झाली. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे साठच्या दशकातल्या ज्या सीजे-३बीमध्ये कधीकाळी डिझेल इंजिन बसवले गेले, तिच्या मालकाला हा मार्ग धरायचा तर आधी भंगार बाजार पालथा घालून तिचे मूळ पेट्रोल इंजिन शोधावे लागेल.