बीएस्सी फिजिक्स: पुढची गाडी कुठली?

आज थेट मुद्द्यावर येऊ. बारावीनंतर पोरगं म्हणतं, "मला फिजिक्स करायचंय." घरातून लगेच प्रश्न येतो, "अरे, पण पोटापाण्याचं काय?" मी स्वतः बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आहे, तरी सांगतो, घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. आणि त्याला उत्तरही आहे.

बीएस्सी फिजिक्स म्हणजे मनमाड जंक्शन समजा. तिथे मुक्काम करायचा नसतो, पुढची गाडी पकडायची असते. अडचण एवढीच, की बरेच जण तिकिटाचा विचार तिसऱ्या वर्षी करतात.

पहिली गाडी संशोधनाची. जॅम नावाची परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येतं, बंगळुरूच्या आयआयएस्सीत इंटिग्रेटेड पीएचडीला जाता येतं. पेपर ३ तासांचा, १०० मार्कांचा. काही प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढून टाकायचा. म्हणजे डेरिव्हेशन पाठ करून भागत नाही, रोज गणितं सोडवावी लागतात. एमएस्सीनंतर बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलचा रस्ता आहे: निवड झाली की वर्षभर प्रशिक्षण, तेही स्टायपेंडसह. शिवाय यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो.

दुसरी गाडी आमच्या आयटीची. बारावीला किंवा पदवीला गणित असेल तर एमसीए करता येतं. पण नुसत्या डिग्रीवर मुलाखतीत कोणी विचारत नाही. प्रॅक्टिकलची रीडिंग्ज पायथनमध्ये टाका, ग्राफ काढा, एरर मोजा. पेंडुलमचं समीकरण कोडने सोडवा. गोंगाटातून खरा सिग्नल वेगळा काढायची ही सवय डेटाच्या कामात रोज लागते.

तिसरी गाडी शिकवण्याची. शाळेसाठी बीएड, कॉलेजसाठी एमएस्सी आणि वर नेट, सेट किंवा पीएचडी.

आता खरं बोलू. संशोधनाची गाडी लांब पल्ल्याची आहे. एमएस्सी, पीएचडी धरून सात-आठ वर्षं सहज जातात. घरी तीन वर्षांनी पगार यायलाच हवा असेल, तर पहिल्याच वर्षापासून कोडिंग हातात घ्या. त्यात कमीपणा काही नाही. फिजिक्स वाया जात नाही, वेळ मात्र जातो.

आणि गाडी ठरत नसेल तर? आधी काम बघून या. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस उपक्रम पदवीच्या मुलांसाठीच आहे, त्याला अर्ज करा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जा. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश समोर उभं राहून बघा, तिथल्या लोकांना विचारा, "तुम्ही दिवसभर नेमकं काय करता?" ते ऐकून कंटाळा आला, तरी तेही एक उत्तरच आहे.

मग, तुमची गाडी कुठली? घरच्यांशी बोलायच्या आधी एका कागदावर लिहून काढा. भेटू पुढच्या भागात!