जॅझचा सप्ताह आणि त्याचे यजमान

1978 सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या धोबीतलाव भागातील रंगभवन या खुल्या नाट्यगृहात ‘जॅझ यात्रा’ नावाचा जो संगीतमहोत्सव सुमारे आठवडाभर भरला, आणि ज्यात अमेरिकेचे थोर सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांच्यासारख्या कलावंतांनी हजेरी लावली, त्याचा उल्लेख मराठीतील संगीतविषयक लेखनात क्वचितच आढळतो. आणि आढळतो तेथेही परदेशी पाहुण्यांचा चार दिवसांचा मुक्काम, याहून अधिक महत्त्व त्यास दिले जात नाही. हा समज मला अन्यायाचा वाटतो. त्या महोत्सवाच्या मागे जवळजवळ अर्धशतकाची मेहनत होती, ती बव्हंशी आपल्याच किनाऱ्यावरील माणसांची होती, आणि तिचे स्वर रेडिओच्या वाटेने औशासारख्या तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचले होते. शिवाय त्या महोत्सवाचा उदय आणि अस्त या दोहोंची कारणे शोधू गेल्यास, सार्वजनिक संगीत कशाच्या बळावर तगते, या प्रश्नाचेही उत्तर सापडते. संगीताला कलावंताइतकाच यजमान लागतो. जागा राखणारा, वेळ राखणारा आणि पुढल्या वर्षी पुन्हा आवतण धाडणारा यजमान. आमच्या मराठवाड्यात हे सत्य ग्रंथांतून शिकावे लागत नाही. ते दरवर्षी गावच्या मंदिरापुढील मांडवात प्रत्यक्ष दिसते.

ताजमहालापासून चित्रनगरीपर्यंत

1935 साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, त्या वेळी औसा निजामाच्या मुलखात होते, येथील दप्तर उर्दूत चाले, आणि मुंबई हे आम्हांस परराज्यातले शहर होते. ताजच्या नृत्यशाळेतील श्रोते गोरे अंमलदार, संस्थानिक आणि धनिक पारशी असे निवडक होते. परंतु त्या मंचाकडे कान लावून बसलेला आणखी एक वर्ग होता, तो गोव्याहून आलेल्या वादकांचा. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळे. त्या शिदोरीवर ही माणसे मुंबईत येत, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावच्या कुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक वसतिगृहांत, बिऱ्हाड करीत, आणि हॉटेलांतील वाद्यवृंदांत चाकरी धरीत. अमेरिकी वादकांकडून त्यांनी उचलले ते लिपीत न मावणारे अंग: स्वर किंचित आधी वा किंचित उशिरा टाकून लयीला झोल देणे, आणि ठरलेल्या चौकटीत तत्क्षणी नवे सुचवीत जाणे. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, हे या पिढीचे अग्रणी होत. लुई आर्मस्ट्राँग यांच्या वादनशैलीचा त्यांनी इतका सखोल अभ्यास केला होता की लोक त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणत.

1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्रींचे तेज ओसरले, आणि वादकांचा हा वर्ग अधिकाधिक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांकडे वळला. तेथे जे घडले ते भारतीय संगीताच्या इतिहासातील अत्यंत फलदायी सहकार्य होते. संगीत दिग्दर्शकांच्या कंठात राग, लावणी, भजन आणि नाट्यपद होते. परंतु चाळीस-पन्नास वाद्यांपुढे ठेवता येईल असा लिखित मसुदा सिद्ध करण्याची विद्या त्यांतल्या बहुतेकांपाशी नव्हती. ती गोमंतकीय वादकांपाशी होती. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेट यांना हाताशी धरले, आणि भगवानदादांच्या 1951 सालच्या ‘अलबेला’मध्ये मराठी ठेका व जॅझची झुलती लय यांचा असा मेळ घातला की हे स्वर सातासमुद्रापलीकडून आले आहेत, याची शंकाही श्रोत्यांस आली नाही. पुढल्याच वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले, आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. तेव्हा रेडिओ सिलोनने ती घरोघर पोहोचविली, आणि लग्नाच्या वरातीतील बँडवाल्यांनी क्लॅरिनेट व ट्रम्पेटवर उतरवून ती गल्लोगल्ली नेली. न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यांवर मिरवणुकीच्या वाद्यांतून घडलेले संगीत मराठवाड्याच्या रस्त्यांवर मिरवणुकीच्याच वाद्यांतून वाजू लागले. ऐकणाऱ्यांस त्याचे कूळ ठाऊक नव्हते, पण त्याची लय पायांना ओळखीची झाली होती.

या परंपरेने केवळ साथीवर समाधान मानले नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, ज्यांच्यापाशी प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांनी धडे घेतले, त्यांनी 1958 साली मोठा वाद्यवृंद जमवून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागाधारित रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या सांस्कृतिक दौऱ्यावर असलेले पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांना भेटले. 1963 साली ड्यूक एलिंग्टन आपला संच घेऊन भारतात आले. झेवियर्सच्या त्या प्रांगणाला लागूनच रंगभवन आहे. जॅझ यात्रा तेथे भरली, तेव्हा त्या भागाला ते स्वर नवे नव्हते.

रंगभवनातील रात्री

या महोत्सवाचे प्रवर्तक निरंजन झवेरी हे 1952 सालीच ‘ब्ल्यू ऱ्हिदम’ नावाचे जॅझविषयक नियतकालिक काढणाऱ्या मित्रमंडळींपैकी एक होते. एखाद्या संगीताची वाट पाहत सव्वीस वर्षे काढणाऱ्या माणसाचा छंद हे व्रतच म्हटले पाहिजे. ‘जॅझ इंडिया’ या संस्थेद्वारे त्यांनी यात्रेची घडी बसविली, आणि ती प्रारंभी दर दोन वर्षांनी भरविण्याचा शिरस्ता पाडला. जॅझच्या जोडीने भारतीय राग-तालाच्या कलावंतांना त्याच मंचावर पाचारण करावे, आणि दोन्ही परंपरांनी समोरासमोर बसून एकमेकींचे ऐकावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे पियानोवादक लुई बँक्स, सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस आणि कर्नाटक संगीतातील गायिका रमामणी यांच्या एकत्र वादन-गायनातून जो प्रयोग सिद्ध झाला, तो याच आग्रहाचे फळ होय.

पहिल्या यात्रेतील रोलिन्स यांचे आगमन या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. कीर्तीच्या शिखरावर असताना, 1959 ते 1961 या काळात त्यांनी जाहीर वादन तहकूब केले होते, आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर, शेजाऱ्यांच्या झोपेस उपद्रव नको म्हणून, ते तासन्‌तास एकट्याने रियाज करीत. त्यानंतर 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी दुसऱ्यांदा निवृत्ती पत्करली, तेव्हा ते स्वामी चिन्मयानंदांच्या पवईच्या आश्रमात येऊन राहिले. म्हणजे रंगभवनात ते वादक म्हणून उभे राहिले, त्याच्या सुमारे दशकभर आधी ते याच महानगरात साधक म्हणून वास्तव्य करून गेले होते.

जॅझची रीत ज्यांस परकी वाटते त्यांच्यासाठी तिचे अंतरंग थोडे उलगडले पाहिजे. प्रारंभी सर्व वादक मिळून मूळ धून मांडतात. ती बारा किंवा बत्तीस मात्रागटांची असते, आणि तिच्या पोटात स्वरसंघातांचा एक निश्चित क्रम असतो. मग तोच क्रम पुनःपुन्हा फिरत राहतो, आणि एकेक वादक पुढे येऊन त्यावर आपली कल्पना उभारतो. क्वचित ढोलवादक आणि इतर वादक चार-चार मात्रागटांचे सवालजबाब करतात. शेवटी सारे मूळ धुनेवर परततात. आपल्या ख्यालात आवर्तन फिरते आणि समेवर विसावते, तेथे राग कायम असून त्याचे रूप उलगडत जाते. जॅझमध्ये खालची स्वरसंघातांची भूमी क्षणोक्षणी बदलते, आणि वादकास प्रत्येक पावलागणिक तिचे भान ठेवावे लागते. हा भेद मोठा आहे. परंतु नियमाच्या आत स्वातंत्र्य शोधणे, आणि ते श्रोत्यांच्या साक्षीने शोधणे, हा धर्म दोहोंचा एकच.

त्याचे प्रत्यंतर 1980 च्या यात्रेत आले. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील नागस्वरवादकाचे पुत्र कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला होता, आणि त्यातून गमक निघावेत यासाठी वाद्यात फेरफार करून वर्षानुवर्षे साधना केली होती. रंगभवनात त्यांचे वादन ऐकून अमेरिकी सॅक्सोफोनवादक जॉन हँडी इतके हेलावले की त्यांनी मंचावर जाऊन सोबत वाजविण्याची मुभा मागितली. पूर्वतयारीविना घडलेल्या त्या सहवादनाने गोपालनाथांची कीर्ती देशाबाहेर गेली. असा प्रसंग एखाद्या सायंकाळच्या कार्यक्रमात घडत नाही. त्यासाठी कलावंतांनी लागोपाठ अनेक दिवस एकाच आवारात राहून परस्परांचे ऐकावे लागते. आठवडाभराच्या महोत्सवाचे सार्थक यातच असते.

मराठवाड्याचा सप्ताह

सात दिवसांच्या संगीताचा हा महिमा मराठवाड्यास कोणी समजावून सांगावा असे नाही, कारण अखंड हरिनाम सप्ताह ही आमच्या गावोगावची वार्षिक संस्थाच आहे. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, तिसऱ्या प्रहरी प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा दिनक्रम सात दिवस चालतो, आणि काल्याच्या कीर्तनाने व महाप्रसादाने त्याची सांगता होते. या काळात वीणा खाली ठेवली जात नाही. तिचे पहारे वाटून दिलेले असतात. नेमून दिलेल्या वेळी एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि मध्यरात्रीचा पहारा असलेला शेतकरी दिवसभर रानात राबून आला तरी आपली पाळी चुकवीत नाही. कोणत्या दिवशीची पंगत कोणाची, वर्गणी कोणी जमवावयाची, मृदंगाचार्य कोठून आणावयाचे, याचा बंदोबस्त आधीच ठरलेला असतो. म्हणूनच दुष्काळी सालातही सप्ताह बसतो.

आणि त्यातील संगीत साचेबंद असते असे समजू नये. कीर्तनकार निरूपणाच्या ओघात ऐनवेळी एखादे प्रमाण आठवून म्हणू लागतात, गायनाचार्य तत्क्षणी त्यास चाल लावतात, टाळकरी ती उचलतात, मृदंग तिच्या अंगाने बोल बदलतो, आणि फिरून सारे मूळ अभंगाच्या ध्रुपदावर येतात. औशाच्या नाथ संस्थानाचे चक्री भजन हे तर या परंपरेतील आगळे लेणे आहे. टाळमृदंगाच्या गजरात, गिरक्या घेत, मंडलाकार फिरत केले जाणारे हे भजन संस्थानाच्या महाराजांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केले असून, माघी वारीत पंढरपुरी ते पाहण्यास व ऐकण्यास वारकरी गर्दी करतात. लय शरीरात उतरली की गायन आणि गती यांतील अंतर नाहीसे होते, ही अनुभूती जॅझच्या मर्मज्ञांस जितकी परिचित आहे तितकीच ती औसेकरांसही आहे. मात्र चक्री भजनाला एक भाग्य लाभले आहे, ते म्हणजे संस्थानाचे छत्र: ठरलेली तिथी, ठरलेली जागा आणि उत्तरदायी वारसदार.

मौन झालेले नाट्यगृह

रंगभवनाच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या सभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र घोषित करण्याची तरतूद झाली, आणि झेवियर्स व कामा रुग्णालय यांच्या सान्निध्यातील हे खुले नाट्यगृह संगीताला पारखे झाले. नियमामागील हेतू योग्यच होता. रुग्णाच्या निद्रेचा अधिकार श्रोत्याच्या आनंदाहून वरचा मानलाच पाहिजे. परंतु एक जागा घेताना त्या तोडीची दुसरी जागा देण्याचे कर्तव्य कोणी आपले मानले नाही. यात्रेचा भार मूठभर रसिकांवर, व्यापारी पुरस्कर्त्यांवर आणि परदेशी वकिलातींच्या सौजन्यावर होता. जागा गेली आणि उमेदीची माणसे थकली, तसा तो डोलारा खचत गेला. आज मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या 1969 साली स्थापन झालेल्या संस्थेत जॅझचे महोत्सव होतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पण बंदिस्त सभागृहातील श्रोतृवर्ग आणि धोबीतलावच्या खुल्या आकाशाखाली जमणारा श्रोतृवर्ग यांत फरक राहणारच.

याच नियमांनी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकींनाही आळा घातला. तरीही 1953 साली भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ आरंभिलेला तो महोत्सव तगला, कारण आर्य संगीत प्रसारक मंडळ हा यजमान खंबीर उभा होता; वेळ बदलली, जागा बदलली, परंतु आवतण थांबले नाही. आमच्या शेजारच्या नांदेडात शंकरराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ भरणारा ‘संगीत शंकर दरबार’ही एका शिक्षणसंस्थेच्या आधाराने उभा आहे. महोत्सवाचे आयुष्य पाहुण्यांच्या कीर्तीवरून मोजता येत नाही. ते यजमानाच्या चिकाटीवरून मोजावे लागते.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयांपासून व शाळांपासून दूर असे एक खुले नाट्यगृह शासनाने केवळ संगीतासाठी राखून ठेवावे, आणि वर्षातील पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची जी मुभा नियमांत आहे, तिचा काही हिस्सा संगीतमहोत्सवांच्या नावे आधीच लिहून टाकावा, म्हणजे दरवर्षी परवान्यासाठी उंबरे झिजवावे लागणार नाहीत. हे शासनाचे काम झाले. आपले काम त्याहून कठीण आहे. लातूर-नांदेडसारख्या शहरांतील महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी आणि व्यापारी मंडळांनी एकेका दिवसाची जबाबदारी पंगतीप्रमाणे वाटून घ्यावी. एका रात्री ख्याल, दुसऱ्या रात्री गोमंतकीय वादकांचा जॅझ, तिसऱ्या रात्री चक्री भजन, चौथ्या रात्री आफ्रिकेतील किंवा अरबस्थानातील कोणी वादक, असा सप्ताह बसवावा, आणि कलावंतांनी सातही दिवस मुक्काम करावा, असा आग्रह धरावा. पैसा, सभागृह आणि प्रसिद्धी यांची विवंचना लोक प्रथम करतात; परंतु वीणा सात दिवस खाली न ठेवण्याची शिस्त ज्या समाजाच्या अंगी आहे, त्याच्यापाशी या कामासाठी लागणारे मुख्य भांडवल आधीपासूनच जमा आहे.