कोडमधील गुंता आणि त्याची उकल

राष्ट्रीय माहिती-विज्ञान केंद्राने, म्हणजे सरकारी व्यवहारात ज्याला सर्वजण एनआयसी म्हणतात त्या दिल्लीच्या संस्थेने, २ एप्रिल २०२० रोजी ‘आरोग्य सेतू’ हे मोबाइल ॲप जनतेच्या हाती दिले, आणि पुरते दोन महिनेही उलटले नव्हते तोच, २६ मे रोजी, त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड कोणीही उघडून वाचावा अशा रीतीने प्रसिद्ध करण्यात आला. तोवर ११ कोटींहून अधिक लोकांनी हे ॲप घेतले होते व त्यांपैकी सुमारे ९८ टक्के लोकांचे फोन अँड्रॉइडचे होते. सुरक्षिततेतील दोष दाखवून देणाऱ्यांस बक्षिसे जाहीर झाली, त्यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्याच योजनेत आणखी एक बक्षीस होते आणि माझ्या मते तेच अधिक विचार करण्याजोगे होते. कोड अधिक चांगला कसा लिहिता येईल, एवढेच सुचवणाऱ्यालाही १ लाख रुपये देऊ केले होते. चालत्या कोडची मांडणी सुधारणे हे स्वतंत्र मोलाचे काम आहे, याची ही सरकारी कबुलीच म्हटली पाहिजे.

या कामाला संगणकाच्या व्यवसायात रिफॅक्टरिंग म्हणतात. कोडचे बाह्य वर्तन तसूभरही न बदलता त्याची अंतर्गत रचना सुबोध करणे, असा त्याचा अर्थ. ते ज्यांच्यासाठी केले जाते त्या वापरकर्त्याला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि म्हणूनच त्याची तरतूद करण्यास कोणी सहसा राजी नसतो. यंत्राला गुंता बाधत नाही. शंभर ठिकाणी फाटे फुटलेली आज्ञावलीही ते निमूटपणे पाळते. गुंता बाधतो तो माणसाला; मूळ लेखक नोकरी सोडून गेल्यावर ज्याच्या माथी तो कोड येतो त्याला.

हा गुंता निष्काळजीपणातूनच येतो असे मानणे चूक आहे. तो बहुधा न्याय्य मागण्यांतून येतो. आपल्या एसटीच्या सवलती घ्या आणि तिकिटाचा आकार ठरवणारे एक लहानसे फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा आज्ञांचा गट, आपण स्वतः लिहीत आहोत असे समजा. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट, पासष्ट वर्षांपुढील ज्येष्ठाला निम्मी सवलत. इथवर सारे सरळ आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात मोफत प्रवास मिळाला आणि मार्च २०२३ मध्ये सर्व महिलांना निम्म्या भाड्याची सवलत. दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपुरत्याच, म्हणून प्रवास हद्दीबाहेर जातो काय, हाही प्रश्न आला. आता दोन दिवसांत बदल करून द्या असा हुकूम सुटलेला प्रोग्रामर काय करतो? हाताशी सापडेल त्या ओळीत तो एक नवी ‘जर’ घुसवतो. महिलांची अट त्याने वयाच्या अटीच्या वर लिहिली, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीबाई ‘महिला’ या पहिल्याच अटीत अडकतात आणि ज्यांना एक पैसाही द्यायचा नाही त्यांच्याकडून अर्धे भाडे घेतले जाते. या फंक्शनमधील प्रत्येक ओळ सुटी पाहिली तर बरोबर आहे. चूक त्यांच्या क्रमात दडली आहे, आणि क्रम हा वाचणाऱ्याच्या डोळ्यांत सहजी भरत नाही.

असा गुंता मोजता येईल काय, या प्रश्नाला थॉमस मॅकेब यांनी डिसेंबर १९७६ मधील एका निबंधात उत्तर दिले. मॅकेब यांची रीत मोठी सुटसुटीत आहे: फंक्शनमध्ये जितके ‘हो की नाही’ असे निर्णय असतील त्यांत एक मिळवावा. आपल्या तिकिटाच्या फंक्शनमध्ये सहा प्रश्न आहेत, तेव्हा त्याचे माप सात. दहापर्यंतचे माप चालवून घ्यावे, त्यापलीकडे फंक्शनचे तुकडे करावेत, अशी मर्यादा त्यांनी सुचवली, आणि ती पुष्कळ अंशी आजही पाळली जाते. आयफोनच्या स्विफ्ट भाषेसाठी वापरले जाणारे स्विफ्टलिंट हे साधन, कोणी वेगळे न सांगितल्यास, दहाच्या पुढे इशारा देते व वीसच्या पुढे दोष ठरवते. अँड्रॉइडच्या कॉटलिन भाषेसाठी हेच काम डिटेक्ट करते. तथापि हे माप गुंत्याची भीषणता कमीच सांगते. दहा प्रश्न एकापाठोपाठ एक, परस्परांशी असंबद्ध असे विचारले गेले, तर माप येते अकरा, पण त्या फंक्शनमधून जाण्याच्या एकूण वाटा होतात १०२४. शिवाय एकाच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी अशा घुसलेल्या अटी आणि ओळीने मांडलेल्या अटी यांत या मापाला भेद दिसत नाही, वाचणाऱ्याला मात्र तो फार जाणवतो. यासाठीच पुढे सोनारसोर्स या कंपनीने आकलनाच्या काठिण्याचे निराळे माप काढले, ज्यात अट जितकी खोल तितका दंड जास्त.

मोबाइल ॲपच्या बाबतीत या सर्वसाधारण गुंत्यावर आणखी एक भर पडते. अँड्रॉइडमध्ये पडद्यावरील एका दृश्याचा कारभार ‘ॲक्टिव्हिटी’ नावाचा घटक पाहतो, आणि तो अल्पायुषी असतो. प्रवाशाने फोन नुसता आडवा धरला, तरी विशेष तजवीज केलेली नसल्यास ती ॲक्टिव्हिटी नष्ट होऊन नव्याने उभी राहते. आता भाड्याची चौकशी सर्व्हरकडे गेली आहे आणि तिचे उत्तर येण्यापूर्वी फोन फिरला, तर उत्तर कोणाकडे यावे? जुने दृश्य नाहीसे झालेले, नव्याला चौकशीची वार्ता नाही. ज्या ॲपमध्ये चित्र काढणे, सर्व्हरशी बोलणे, आकडे साठवणे आणि भाडे ठरवणे ही चारही कामे एकाच ॲक्टिव्हिटीत कोंबलेली असतात (आणि अँड्रॉइडच्या पहिल्या दशकात अशी ॲप्स पोत्याने लिहिली गेली), तेथे या एका प्रश्नासाठी आणखी अनेक ‘जर’ शिरतात. कामांची विभागणी करून देणारे व्ह्यूमॉडेलसारखे घटक गूगलने २०१७ मध्ये पुढे आणले ते याच अनुभवातून.

गुंता शोधायचा तर साधनांनी दिलेल्या यादीच्या शेंड्यापासून सुरुवात करावी, हा सामान्य शिरस्ता मला मान्य नाही. ज्या फंक्शनचे माप चाळीस आहे पण ज्याला पाच वर्षांत कोणी हात लावलेला नाही, ते कुरूप असले तरी निरुपद्रवी आहे. ज्याचे माप पंधराच आहे पण ज्यात दर आठवड्याला कोणीतरी बदल करतो, तेथे खरा धोका. हा बदलांचा इतिहास गिटसारख्या व्यवस्थेत दिनांकवार व नावनिशीवार नोंदलेला असतो. कोणत्या फाइलला वर्षभरात किती हात लागले हे त्यातून काही क्षणांत निघते. गुंत्याचे माप आणि बदलांची वारंवारता या दोन याद्या शेजारी ठेवल्या की, दोन्हींत वर असलेल्या मोजक्याच फाइली उरतात, आणि काम तेथूनच सुरू करावे.

दुसरा शोध मृत कोडचा. जो कधीच चालत नाही, पण जो काढून टाकण्याचे धैर्य कोणाला होत नाही, असा हा कोड. त्याचा भार समजायला पानिपतची आठवण पुरेल. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर, पानिपत जिल्ह्यात, काला अंब ही रणभूमी आहे, आणि दर १४ जानेवारीस महाराष्ट्रातून माणसे तेथील स्मारकापुढे नतमस्तक होतात. १७६० मध्ये उत्तरेकडे गेलेल्या, मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या सैन्याबरोबर कुटुंबकबिला, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा समुदाय लढणाऱ्यांहूनही मोठा होता. तो मागे सुरक्षित ठेवून हलक्या फौजेनिशी पुढे जावे असा सुरजमल जाटाचा सल्ला मानला गेला नाही, आणि पानिपतास वाट रोखली गेल्यावर त्या साऱ्यांच्या पोटाची तरतूद करता करता लढणारेही उपाशी राहिले. पराभवाची कारणे अनेक आहेत आणि सारा दोष या एकावर ठेवणे त्या वीरांवर अन्याय होईल. परंतु त्या समुदायातील प्रत्येकजण काही कारणानेच बरोबर निघाला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मृत कोडचेही तसेच असते: प्रत्येक ओळ कोणत्या तरी दिवशी कोणाच्या तरी सोयीसाठी आली, तो दिवस गेला, ओळ राहिली. अँड्रॉइडचे आर-८ हे साधन असा निरुपयोगी भाग फोनवर जाणाऱ्या ॲपमधून गाळते खरे. पण प्रोग्रामर ज्या मूळ फाइली वाचतो त्यांत तो जसाच्या तसा राहतो. कोणते मूल्य पुढे कोठे वापरले जाते व कोणते वाया जाते, याचा गणिती मागोवा घेणारे शास्त्र आहे. त्यावर आयआयटी मुंबईचे उदय खेडकर, अमिताभ सान्याल आणि बागेश्री करकरे यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ आहे.

आता उकल. विल्यम ओपडाइक यांनी १९९२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधाने या कामाला शास्त्राची बैठक दिली आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने ते घरोघरच्या, म्हणजे कंपनी-कंपनीतल्या, व्यवहारात आणले. पहिला नियम असा की, कोडला हात लावण्यापूर्वी त्याचे आजचे वर्तन चाचण्यांत पकडून ठेवावे. आपल्या फंक्शनला ४, ५, ११, १२, ६४, ६५, ७४ आणि ७५ ही सीमेवरची वये द्यावीत, प्रत्येकासाठी स्त्री आणि पुरुष, राज्यात आणि राज्याबाहेर, आणि येतील ती उत्तरे लिहून घ्यावीत. उत्तर चुकीचे आढळले तरी लगेच सुधारू नये, नोंद करावी. कारण रचना बदलणे आणि चूक दुरुस्त करणे ही दोन कामे एका बैठकीत केली की, नंतर काय कशाने बिघडले हे सांगता येत नाही.

मग लहान लहान पावले. प्रत्येक पावलानंतर चाचण्या पुन्हा चालवाव्यात व बदल गिटमध्ये नोंदवावा. ज्या अटीने निकाल तत्काळ लागतो ती आरंभीच घेऊन तेथूनच फंक्शनबाहेर पडावे, म्हणजे पुढच्या अटी एकमेकींच्या पोटात जात नाहीत. शेवटी, चूक दुरुस्त करण्याची पाळी आली की, सवलतींचे नियम कोडमधून उचलून एका तक्त्यात मांडावेत: किमान वय, कमाल वय, स्त्री की पुरुष की दोन्ही, हद्दीची अट, सवलतीचे शेकडा प्रमाण. फंक्शनने फक्त तक्ता वाचायचा आणि प्रवाशाला लागू होणाऱ्या सवलतींपैकी सर्वांत मोठी द्यायची. आजीबाईंना महिला म्हणून ५० टक्के आणि वयामुळे १०० टक्के अशा दोन्ही सवलती लागू होतात, मोठी निवडली जाते, आणि अटींच्या क्रमाचा प्रश्नच उरत नाही. उद्या सरकारने नवी सवलत जाहीर केली तर तक्त्यात एक ओळ वाढेल. फंक्शनचे माप आहे तेवढेच राहील.

सर्व कोड फेकून नवा लिहावा असा मोह येथे अनेकांना होतो. मी त्याच्या विरुद्ध आहे. जुन्या कोडमधील विचित्र दिसणाऱ्या कित्येक अटी प्रत्यक्ष माणसांच्या अडचणींतून आलेल्या असतात आणि त्या कोठेही लिहून ठेवलेल्या नसतात. शिवाय मोबाइलवर एकदा गेलेली आवृत्ती परत बोलावता येत नाही. ज्याने ॲप अद्ययावत केले नाही त्याच्या फोनवर ती वर्षानुवर्षे चालत राहते. म्हणून उकललेला कोडही प्रथम थोड्या टक्के फोनवर पाठवावा, बंद पडण्याचे प्रमाण वाढत नाही अशी खात्री करावी आणि मगच सर्वांना द्यावा. प्ले स्टोअरमध्ये ही सोय आहे.

शिधा, दाखला, तिकीट, लस, जमिनीचा उतारा, इतक्या गोष्टी आता फोनवरील कोडच्या स्वाधीन झाल्या आहेत की, त्या कोडची सुबोधता हा केवळ कंपन्यांचा अंतर्गत मामला राहिलेला नाही. सरकारी ॲपच्या देखभालीचा करार होताना नव्या सोयींची यादी जशी जोडली जाते, तशीच रिफॅक्टरिंगसाठी वेळेची आणि पैशांची स्वतंत्र तरतूद त्यात लिहिली जावी. प्रत्येक आवृत्तीबरोबर गुंत्याचे माप कागदोपत्री रुजू व्हावे. आणि जनतेच्या पैशांतून लिहिलेला कोड शक्य तेथे २०२० प्रमाणे पुन्हा खुला व्हावा. तो वाचण्याचे काम नोएडा-गुरुग्राममधील अभियंत्यांइतकेच पुण्या-नाशकाच्या आणि सोलापूर-लातूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही करू शकतील, आणि त्यांनी ते करावे.