‘रचणार’ परमेश्वर : ख्रिस्तपुराणातील सृष्टिकथा आणि नित्याची निर्मिती

प्रस्तुत लेखात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तील एका शब्दाच्या आधारे बायबलमधील सृष्टिकल्पनेचा आणि माणसाच्या रोजच्या निर्मितिशीलतेशी असलेल्या तिच्या नात्याचा विचार करावयाचा आहे. आपल्या वर्गांतून या ग्रंथाचा परिचय बहुधा मराठीच्या गौरवपर ओव्यांपुरताच होतो. मोगरा, कस्तुरी, मोर यांच्या उपमा विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. ग्रंथ सांगतो काय, हे मात्र वाचावयाचे राहून जाते. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे तसेच शिकविले आहे.

स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडमधील विल्टशायर परगण्याचे. येशूसंघीय धर्मप्रचारक म्हणून ते १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतांशी साष्टी प्रांतातच राहिले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन आवृत्ती सिद्ध केली आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये आली. ‘पहिले पुराण’ जुन्या कराराची आणि ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्राची कथा सांगते. ओव्यांची एकूण संख्या सुमारे अकरा हजार आहे.

हे पुराण का लिहिले गेले, याचे उत्तर ग्रंथातच आहे. साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, तुम्ही आमची जुनी पुराणे वाचण्यास बंदी केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? या प्रश्नामागील इतिहास झाकून ठेवणे योग्य नव्हे. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडली गेली होती. जबरदस्तीने रिकाम्या केलेल्या जागेत हा ग्रंथ उभा आहे आणि तरीही तो ज्ञानेश्वरीच्या परंपरेतील ओवीत बोलतो. त्याचे वाङ्मयीन मोल मान्य करताना ही विसंगती नजरेआड करू नये, असे आम्हांस वाटते.

रोमन प्रतीतील पहिल्याच ओवीत देवपित्याला ‘विश्वभरित’ म्हणून वंदन केले आहे आणि तो स्वर्ग व पृथ्वी यांचा ‘रचणार’ असल्याचे म्हटले आहे. पैकी ‘विश्वभरित’ हा शब्द अद्वैती परंपरेत रुळलेल्या कानांना परका वाटत नाही. ‘रचणार’ अधिक अडखळविणारा आहे. रचणे म्हणजे असलेल्या वस्तू एकावर एक बसविणे. देवगड-जामसंडे परिसरात गडगा रचतात, गवताची उडवी रचतात, हंगामात पेटीत आंबे रचतात. कवी ओवीही रचतो, पण तोही आधी असलेल्या शब्दांचीच. जामसंड्यात एकदा ही ओवी शिकवीत असता मागील बाकावरून प्रश्न आला, “सर, देवान रचल्यान, तर मगे चिरे खयसून हाडल्यान?”

वर्गात हशा पिकला. परंतु ख्रिस्ती धर्मविचारातील एका जुन्या वादाचे मर्म या प्रश्नात आहे. प्लेटोचा विश्वकर्मा पूर्वीपासून असलेल्या द्रव्याला आकार देतो. ख्रिस्ती सिद्धांतानुसार मात्र देवाने सर्व काही शून्यातून निर्माण केले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने हा सिद्धांत औपचारिकपणे उद्घोषित केला. या कल्पनेचा जुना स्पष्ट उल्लेख कॅथलिक बायबलमधील ‘मक्काबी’च्या दुसऱ्या ग्रंथात, सातव्या अध्यायात सापडतो. तेथे तो तत्त्वज्ञ करीत नाही. पुत्रांचा एकामागून एक होणारा वध पाहणारी माता धाकट्या मुलाला धीर देताना म्हणते की, ज्याने नसलेल्यातून जग केले तो तुलाही परत देईल. अर्थात हा सिद्धांत प्रथम आशेच्या भाषेत उच्चारला गेला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग स्टीफन्स यांचा शब्द चुकला काय? उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय बारकाईने पाहिल्यास तसे म्हणवत नाही. तेथील ‘बारा’ या हिब्रू क्रियापदाचा कर्ता देवच असतो, हे खरे. परंतु ‘शून्यातून’ हा अर्थ त्या क्रियापदातच सामावलेला नाही. मनुष्याच्या निर्मितीलाही तेच क्रियापद योजले आहे आणि दुसऱ्या अध्यायात तर मनुष्य मातीपासून घडविला जातो. पहिल्या तीन दिवसांचे काम मुख्यतः वेगळे करण्याचे आहे : प्रकाश व अंधार, वरचे पाणी व खालचे पाणी, समुद्र व कोरडी भूमी. पुढील तीन दिवसांत ज्योती, मासे व पक्षी, पशू व मनुष्य यांना आपापले स्थान मिळते. ही रचनाच होय. सिद्धांताच्या दृष्टीने ‘रचणार’ अपुरा असेल. मूळ कथेशी तो एकनिष्ठ आहे. प्रचलित मराठी बायबलमधील ‘उत्पत्ति’ हे शीर्षक ग्रीक ‘जेनेसिस’ला अनुसरते आणि उगवण्या-जन्मण्याचा भाव आणते. ‘सृष्टी’तील ‘सृज्’ धातूत आतून सोडण्याचा, बाहेर टाकण्याचा अर्थ आहे. म्हणजे कोणताही शब्द घेतला तरी त्यासोबत एक तत्त्वज्ञान येतेच.

सहा दिवसांच्या गणिताविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही. आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४ असा काढला, त्याच्या बारा शतके आधी संत ऑगस्टीन यांनी ते दिवस सूर्याच्या दिवसांसारखे समजू नयेत असे प्रतिपादिले होते. अक्षरशः वाचन हेच प्राचीन व मूळ वाचन, हा समज इतिहासाला धरून नाही.

दैनंदिन निर्मितीच्या दृष्टीने महत्त्वाचे निरीक्षण इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४१ च्या ‘द माइंड ऑफ द मेकर’ या ग्रंथात नोंदविले आहे. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे असे जेथे सांगितले जाते, तेथपर्यंत वाचकाला देवाविषयी एवढेच कळलेले असते की, तो निर्माण करतो. तेव्हा साम्य असेल तर ते याच बाबतीत असावे. सेयर्स यांचा विचार प्रामुख्याने लेखक-कलावंतांभोवती फिरतो. ‘रचणार’ हा शब्द आपल्याला त्यापलीकडे नेतो, कारण मराठीत तो गवंड्याचाही आहे. भिंतीसाठी चिरा निवडणारा, फिरवून पाहणारा आणि न बसल्यास बाजूला ठेवणारा गडी चिंतन करीत नाही, असे मानण्यास आधार नाही. ही माणसे चिरे निर्माण करीत नाहीत. मनुष्याच्या निर्मितीची मर्यादाही तीच आहे आणि शून्यातून निर्मितीचा सिद्धांत या मर्यादेचीच आठवण देतो.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात ‘आदाम’ हे नाव ‘अदामा’ म्हणजे भूमी या शब्दाशी जोडलेले आहे. लाल रंगाचा हिब्रू शब्दही त्याच कुळातील मानला जातो. जांभ्याच्या तांबड्या मातीत वाढलेल्या विद्यार्थ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच अध्यायात आदामाला बागेत ठेवले जाते ते दोन कामांसाठी. त्यांपैकी ‘आबाद’ या क्रियापदाचा अर्थ मशागत करणे असा आहे, तसाच सेवा करणे असाही आहे. दुसरे ‘शामार’. त्यासाठी मराठी प्रतिशब्द सुचवा, असे वर्गाला सांगितले तेव्हा ‘रक्षण’, ‘जतन’, ‘सांभाळ’ असे शब्द आले. ज्याने चिऱ्यांचा प्रश्न विचारला होता, त्या विद्यार्थ्याच्या घरी हापूसची कलमे आहेत. तो म्हणाला, “राखण.” फळ्यावर तोच शब्द लिहिला.